वाळूतली चाकोरी

एका जुन्या, तपकिरी छटेच्या छायाचित्रापासून सुरुवात करू या. समोर वाळूचे उतार आहेत. त्या उतारावर खेचरे जुंपलेली एक झाकलेली गाडी उभी आहे. गाडीच्या चाकांनी वाळूत पाडलेली चाकोरी वळसा घेत गेलेली स्पष्ट दिसते. गाडीपासून आपल्या दिशेने, म्हणजे जिथे कॅमेरा उभा होता त्या जागेकडे, माणसाच्या पावलांचे ठसे आलेले आहेत. वर आकाश आहे, पण त्यात ढगाचा ठिपकाही नाही. नुसता कोरा पांढरा कागद असावा तसे ते दिसते.

हे छायाचित्र १८६७ साली अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, कार्सन वाळवंटात, टिमथी ओसलिव्हन याने घेतले. छायाचित्रणाच्या इतिहासावरील बहुतेक पुस्तकांत ते सापडते. वाळवंटाच्या विराट एकाकीपणाचे उत्तम चित्र म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाने या चित्राला दोन साधे प्रश्न विचारावेत. कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा गाडीकडे का जावे लागत होते? आणि आकाश इतके कोरे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी, म्हणजे त्या काळच्या काचेवरील रासायनिक लेपात आहेत. तिसरा प्रश्न जरा अवघड आहे: हे चित्र जे सांगते ते खरे आहे का? तो पुढे घेऊ.

गाडी कुणाची, रस्ता कुठला?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. ओसलिव्हन तेव्हा पंचविशीतला तरुण होता. मॅथ्यू ब्रॅडी आणि नंतर अलेक्झांडर गार्डनर या नामवंत छायाचित्रकारांच्या हाताखाली त्याने युद्धभूमीवर काम केले होते. १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे त्याने घेतलेले छायाचित्र आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. तोफगोळ्यांच्या टापूत, गाडीतली अंधारखोली घेऊन काम करण्याची सवय त्याला झाली होती. पुढे हीच सवय उपयोगी पडली.

युद्ध संपताच देशाचे लक्ष पश्चिमेकडे वळले. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग बांधला जात होता. तो १८६९ च्या मे महिन्यात जोडला गेला. या मार्गाच्या दोन्ही बाजूंना कोणते खडक आहेत, कोणती खनिजे आहेत, पाणी कुठे आहे, हे सरकारला हवे होते. १८६७ मध्ये अमेरिकी संसदेने चाळिसाव्या अक्षवृत्तालगतच्या भूशास्त्रीय पाहणीला मंजुरी दिली. सुमारे १६० किलोमीटर रुंदीचा आणि त्याच्या कितीतरी पट लांबीचा पट्टा तपासायचा होता. या कामाचा प्रमुख होता क्लॅरेन्स किंग, वय अवघे २५ वर्षे! त्याने भूशास्त्रज्ञ, मोजणीदार, वनस्पती व पक्षी यांचा अभ्यासक यांच्याबरोबर एक छायाचित्रकारही नेमला. सरकारी पाहणीच्या तुकडीत छायाचित्रकाराची जागा असणे ही त्या वेळी नवी गोष्ट होती.

मंडळी न्यूयॉर्कहून बोटीने पनामाला, तिथून संयोगभूमी ओलांडून पुन्हा बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला, आणि मग गाड्या-खेचरांनी सिएरा नेव्हाडा पर्वत चढून पलीकडच्या कोरड्या प्रदेशात उतरली. सोबत वीसेक घोडेस्वारांचे संरक्षण होते. ते का लागले, हेही पुढे येईलच.

या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवे. आपल्याकडच्या नद्या समुद्राला मिळतात हे आपण इतके गृहीत धरतो की भूगोलाच्या तासाला त्याचा वेगळा उल्लेखही होत नाही. नेव्हाडातील बहुतेक नद्या समुद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. डोंगरावरून खाली येतात, एखाद्या खोलगट भागात पसरतात, आणि तिथेच त्यांचे पाणी आटून जाते. मागे मीठ, क्षार आणि दलदल उरते. हंबोल्ट नदी अशीच एका दलदलीत संपते. १८६७ च्या उन्हाळ्यात किंगची तुकडी तिथे पोहोचली आणि जवळजवळ सगळी हिवतापाने आडवी झाली. वाळवंटात हिवताप, हे ऐकायला विचित्र वाटते. पण साचलेले पाणी आणि डास दोन्ही तिथे भरपूर होते. डासांचा आणि या तापाचा संबंध रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवून दिला तो १८९७ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनंतर. १८६९ मध्ये 'हार्पर्स' मासिकात या सफरीच्या छायाचित्रणावर एक लेख आला. त्यात डासांची आणि तापाची तक्रार शेजारी-शेजारी केलेली आहे, पण दोहोंचा दुवा अर्थातच जोडलेला नाही.

ओली काच, कोरडी हवा

आता पावलांच्या ठशांकडे वळू. त्या काळी फिल्म नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली 'ओल्या कोलोडियनची' पद्धत सर्वत्र वापरात होती. त्याने तिचे पेटंट घेतले नाही. ती झपाट्याने जगभर पसरली आणि आर्चर मात्र १८५७ मध्ये हलाखीत वारला.

कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवून केलेला चिकट पाक. त्यात आयोडाइड व ब्रोमाइड क्षार मिसळलेले असतात. स्वच्छ काच एका हातात आडवी धरायची, तिच्यावर हा पाक ओतायचा, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करत सर्वत्र सारखा थर पसरायचा आणि जास्तीचा पाक बाटलीत परत घ्यायचा. थर जरासा घट्ट होताच अंधारात काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. तीन-चार मिनिटांत थरामध्ये सिल्व्हर आयोडाइड व सिल्व्हर ब्रोमाइड तयार होतात. हेच प्रकाशाला प्रतिसाद देणारे पदार्थ. मग ओली काच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्याकडे न्यायची, काही सेकंद प्रकाश द्यायचा, आणि तशीच पळत गाडीत परत आणायची. तिथे फेरस सल्फेटच्या द्रावणाने चित्र उमटवायचे, पाण्याने धुवायचे, हायपोने किंवा पोटॅशियम सायनाइडने पक्के करायचे, पुन्हा धुवायचे, वाळवायचे आणि शेवटी व्हार्निश द्यायचे.

या सगळ्यात अट एकच: काच ओली आहे तोवर चित्र उमटवून झाले पाहिजे. थर वाळला की रसायने आत शिरत नाहीत, सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक बनतात आणि काच फुकट जाते. इंग्लंडच्या दमट हवेत दहा-पंधरा मिनिटे हाताशी असत. वाळवंटात ती किती उरणार? ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश सेल्सियस आहे. नेव्हाडातील उन्हाळ्यात दुपारचे तापमान सहज याच्या वर जाते. म्हणजे बाटलीचे बूच काढले की ईथर उकळू पाहणार, आणि काचेवर ओतलेला पाक पसरायच्या आत घट्ट होऊ लागणार. म्हणून अंधारखोली कॅमेऱ्याच्या मागोमाग न्यावी लागे. मूळची रुग्ण वाहून नेणारी लष्करी गाडी हीच ओसलिव्हनची अंधारखोली होती. छायाचित्रातले ते ठसे म्हणजे त्या मिनिटांच्या शर्यतीची नोंद आहे.

पाण्याचीही तीच कथा. प्रत्येक काच दोनदा धुवायची, आणि पाणी मैलोगणती अंतरावरून पिंपांतून आणलेले. जे वाटेत मिळे ते बहुधा खारट. खारट पाणी सिल्व्हर नायट्रेटमध्ये पडले तर काय होते, हे नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत आपण दाखवतोच: सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका! म्हणजे खाऱ्या वाळवंटातले पाणी छायाचित्रकाराच्या दृष्टीने निव्वळ निरुपयोगी नव्हते, घातक होते. चांदीच्या द्रावणासाठी शुद्ध पाणी जपून ठेवावे लागे. त्यात धूळ. ओल्या चिकट थरावर बसलेला एकेक कण चित्रात डाग होऊन राहतो.

आणि वजन. त्या काळी प्रतिमा मोठी करून छापण्याची सोय व्यवहारात नव्हती. निगेटिव्हवर कागद ठेवून उन्हात छाप काढायचा, त्यामुळे जेवढे मोठे चित्र हवे तेवढीच मोठी काच. ओसलिव्हनच्या मोठ्या काचा सुमारे २३ सेंटिमीटर गुणिले ३० सेंटिमीटरच्या होत्या. जाडी दोन मिलिमीटर आणि काचेची घनता दर घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम धरा. एका काचेचे वजन किती? जवळजवळ ३४५ ग्रॅम. शंभर काचा म्हणजे ३५ किलो, त्यात कॅमेरा, तिवई, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची पिंपे वेगळी. हे गणित विद्यार्थ्यांना करायला द्यावे. पाठ्यपुस्तकातल्या लोखंडाच्या ठोकळ्यापेक्षा त्यांना ते रुचेल.

याच सुमारास आपल्याकडे सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार हीच ओली काच घेऊन हिमालयात फिरत होता. १८६३ ते १८६६ या काळात त्याने तिथे तीन मोहिमा केल्या. तिथे खेचरगाडी चालत नव्हती. सगळे ओझे हमालांच्या पाठीवर. मुंबईत तर १८५४ पासूनच फोटोग्राफिक सोसायटी होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे एक जाणते छायाचित्रकार होते. सांगायचे ते एवढेच की ही कला नेव्हाडाइतकीच आपल्या उष्ण हवेतही घाम गाळून शिकली गेली.

कोऱ्या आकाशाचे उत्तर आता सोपे आहे. ओल्या कोलोडियनचा थर फक्त निळ्या, जांभळ्या व अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो. पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश त्याला जणू दिसतच नाही. म्हणूनच अंधारखोलीत नारिंगी काचेतून येणारा उजेड चालत असे. जमिनीचे, खडकांचे तपशील उमटण्याइतका वेळ प्रकाश दिला की निळे आकाश केव्हाच करपून जाई आणि छापात ते पांढरे येई. ढग असले तरी त्या पांढऱ्यात बुडून जात. तांबूस खडक मात्र डोळ्याला दिसतात त्याहून काळे येत. रंगद्रव्ये मिसळून थराची संवेदनशीलता हिरव्या-पिवळ्याकडे वाढवता येते हा शोध हेरमान फोगेल याने लावला तो १८७३ मध्ये. तेव्हा १८६७ च्या चित्रातले कोरे आकाश पाहून 'बघा, वाळवंटात ढगच नसतात' असा निष्कर्ष काढणारा फसला!

वाळवंट केवढे?

आता राहिलेला तिसरा प्रश्न. छायाचित्र पाहून वाटते की ही वाळू क्षितिजापर्यंत पसरलेली आहे, जणू सहाराच. वस्तुस्थिती वेगळी आहे. कार्सन वाळवंटाचा बराचसा भाग सपाट, खारवट मातीचा आणि खुरट्या झुडपांचा आहे. वाळूच्या टेकड्या तिथे तुरळक आणि एकेकट्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी, सँड माउंटन नावाची, सुमारे १८० मीटर उंच आहे. तिच्या उतारावरून वाळू घसरली की घुमल्यासारखा आवाज येतो. ओसलिव्हनने कॅमेरा अशा बेताने लावला की चौकटीत वाळूखेरीज दुसरे काही येऊ नये. त्याने खोटे काहीच दाखवले नाही. जे दाखवले नाही त्यामुळे पाहणाऱ्याचा अंदाज चुकतो. छायाचित्राचा पुरावा वापरताना चौकटीबाहेर काय आहे हे विचारायचे असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

ही वाळू आली कुठून? याचे उत्तर त्याच वर्षी ओसलिव्हनने घेतलेल्या दुसऱ्या काही छायाचित्रांत आहे. कार्सन वाळवंटाच्या वायव्येला पिरॅमिड सरोवर आहे. ट्रकी नदी त्याला येऊन मिळते आणि तिथेच संपते. सरोवरात आणि काठावर चित्रविचित्र आकाराचे फिकट खडक उभे आहेत: घुमट, सुळके, फुलकोबीसारखे गड्डे, आणि एक प्रचंड पिरॅमिड. हे खडक कॅल्शियम कार्बोनेटचे आहेत. त्यांना टूफा म्हणतात. पाणी तापवायच्या भांड्यात बसणारा पांढरा थर आपण पाहतो, रासायनिक दृष्ट्या त्याचेच हे मोठे भावंड. सरोवराच्या तळाशी कॅल्शियमयुक्त झऱ्याचे पाणी कार्बोनेटयुक्त पाण्यात मिसळते तिथे असा खडक साचत जातो. म्हणजे तो पाण्याखालीच तयार होतो. मग आज पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर, कोरड्या डोंगरउतारावर टूफा कसा सापडतो?

एकेकाळी पाणी तिथपर्यंत होते म्हणून. किंगने या सगळ्या खुणा जुळवून एका प्राचीन महासरोवराचे अस्तित्व मांडले आणि त्याला लाहॉन्टन असे नाव दिले. आय. सी. रसेल याने १८८५ मध्ये त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हे सरोवर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी भर बहरात असताना २२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरले होते. हवामान बदलले, पाणी आटले, उरली ती पिरॅमिडसारखी मोजकी सरोवरे, खारट मैदाने आणि वाऱ्याने एकत्र लोटलेली तळाची वाळू. गाडीच्या चाकाखाली जी वाळू होती ती एका मेलेल्या सरोवराच्या पोटातली!

किंगच्या १८७८ च्या अहवालात या टूफांची चित्रे ओसलिव्हनच्या छायाचित्रांवरून शिळाछापाने छापली गेली. शास्त्रज्ञाचे म्हणणे आणि छायाचित्रकाराचा पुरावा अशा रीतीने एकाच पुस्तकात आले.

चौकटीबाहेरची माणसे

या छायाचित्रांत माणसे फार कमी दिसतात, आणि दिसली तर बहुधा मोजणीच्या तुकडीतली, खडकाचा आकार कळावा म्हणून उभी केलेली. पाहणाऱ्याला वाटावे की हा मुलूख रिकामाच होता. तो रिकामा नव्हता. पिरॅमिड सरोवराच्या काठी पायूट लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. या सरोवराखेरीज जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा क्वी-वी नावाचा मासा हे त्यांचे मुख्य अन्न. तिथले पायूट स्वतःला 'क्वी-वी खाणारे' असेच म्हणवतात. १८६० मध्ये, म्हणजे किंगची तुकडी येण्याच्या सातच वर्षे आधी, याच काठावर गोऱ्या वसाहतवाल्यांशी त्यांची लढाई झाली होती. वीस घोडेस्वारांची गरज का भासली, ते आता कळते.

पुढे जे झाले ते लढाईपेक्षा शांतपणे झाले. १९०५ मध्ये ट्रकी नदीवर डर्बी येथे बंधारा बांधून तिचे पाणी कालव्याने दुसरीकडे वळवण्यात आले. कुठे? तर कार्सन वाळवंटात, शेतीसाठी. एका छायाचित्रातले पाणी दुसऱ्या छायाचित्रातल्या प्रदेशात नेले असे म्हणायला हरकत नाही. वाळवंटात शेते पिकली हे खरे. इकडे पिरॅमिड सरोवराची पातळी घसरू लागली आणि १९६७ पर्यंत ती जवळजवळ २४ मीटरने खाली गेली. शेजारचे विनेमुका सरोवर तर १९३० च्या दशकाच्या अखेरीस पार कोरडे पडले. नदीच्या मुखाशी गाळ उघडा पडला, आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली. याच सरोवरात १९२५ मध्ये जवळजवळ साडेअठरा किलो वजनाचा ट्राउट मासा पकडला गेला होता. तो त्या जातीचा विक्रम आहे. त्यानंतर वीस वर्षांच्या आत तिथले मूळ ट्राउट संपले. क्वी-वी कसाबसा तगला, कारण तो चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि चांगल्या पावसाच्या वर्षाची वाट पाहू शकतो. १९६७ मध्ये त्याचे नाव धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले. पायूटांनी पाण्यासाठी न्यायालयात वर्षानुवर्षे झगडा केला. १९९० मध्ये संसदेने या पाण्याच्या हक्कांबाबत तडजोडीचा कायदा केला.

तीच जागा, शंभर वर्षांनी

पातळी उतरली हे सांगायला आकडे आहेतच. पण ती कशी दिसते? १९७७ ते १९७९ या काळात काही अमेरिकी छायाचित्रकारांनी एक वेगळाच उद्योग केला. मार्क क्लेट, एलन मँचेस्टर, जोॲन व्हर्बर्ग आणि त्यांचे साथीदार जुन्या पाहणीतील छायाचित्रे घेऊन गाडीने पश्चिमेकडे निघाले आणि प्रत्येक छायाचित्र मूळ जागेवरून, शक्यतो त्याच ऋतूत, त्याच वेळी पुन्हा घेऊ लागले. अशी शंभराहून अधिक चित्रे त्यांनी केली. क्लेटचे मूळ शिक्षण भूशास्त्राचे, हे सांगायला हवे. १९७९ मध्ये तो पिरॅमिड सरोवराशी पोहोचला. ओसलिव्हनच्या चित्रात ज्या टूफा खडकांच्या अंगाला पाणी लागलेले आहे ते नव्या चित्रात खालपर्यंत उघडे पडलेले दिसतात. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की दुसरे काही सांगावे लागत नाही.

ही कल्पना मात्र त्यांची नव्हे. आल्प्समधील हिमनद्या मोजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ठरावीक जागांवरून पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेतली जात होती. वाळवंटापुरते बोलायचे तर हेस्टिंग्ज आणि टर्नर यांनी १९६५ मध्ये ॲरिझोना व मेक्सिकोच्या सीमाभागातील जुन्या-नव्या छायाचित्रांच्या जोड्या प्रसिद्ध केल्या आणि गवताळ भागात झुडपे कशी शिरली ते दाखवले. पुढे रॉबर्ट वेब याने १८८९-९० मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये लोहमार्गाच्या पाहणीसाठी घेतलेली चित्रे शंभर वर्षांनी पुन्हा घेतली. त्यांत काही झुडपे तीच निघाली, तीच म्हणजे त्याच जातीची नव्हे, तीच! वाळवंटातले एखादे किरकोळ दिसणारे झुडूप शतकभर जगते हे छायाचित्राने सिद्ध केले.

मूळ जागा सापडते कशी? यात जे तत्त्व आहे ते आपण शाळेत शिकवतो. एक डोळा मिटून समोर बोट धरा, मग डोळा बदला. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. हाच पराशय. जुन्या चित्रात जवळच्या खडकाचे टोक दूरच्या डोंगराच्या ज्या बिंदूशी जुळलेले आहे, ते प्रत्यक्षात जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचे. अशी एक जोडी जुळली की आपण एका रेषेवर आलो. वेगळ्या दिशेची दुसरी जोडी जुळली की दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. उंचीही याच रीतीने जुळवायची. लक्षात घ्या, यात भिंगाचा किंवा चित्राच्या आकाराचा संबंध नाही. दृश्यातल्या वस्तू एकमेकींआड कशा येतात हे केवळ उभे राहण्याच्या जागेवर अवलंबून असते. मग वेळ. सावल्या जुळवून ती मिळते, पण इथे एक मेख आहे. सूर्य आकाशात त्याच मार्गावर वर्षातून दोनदा येतो, २१ जूनच्या आधी जितके दिवस, जवळजवळ तितकेच दिवस नंतर. त्यामुळे २० मे आणि २४ जुलै यांच्या सावल्या सारख्याच. केवळ सावलीवरून यांतला नेमका दिवस सांगता येत नाही; त्यासाठी बर्फ, पाने, नदीचे पाणी अशा इतर खुणा पाहाव्या लागतात.

या खटाटोपातून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. ओसलिव्हनने १८६९ मध्ये युटामधील वेबर खोऱ्यात घेतलेल्या सुळक्यांच्या चित्राची जागा रिक डिंगस याने १९७८ मध्ये शोधली. सगळे जुळले, पण क्षितिज जुळेना. अखेर लक्षात आले की ओसलिव्हनने कॅमेराच तिरका धरला होता. उतारावरचे सुळके त्यामुळे सपाटीवरून ताठ उठल्यासारखे दिसत होते. त्याने असे का केले? किंगचा पृथ्वीवरील प्रचंड उलथापालथींवर विश्वास होता, १८७७ मध्ये त्याने त्यावर जाहीर व्याख्यानही दिले होते. म्हणून त्याच्या छायाचित्रकाराने भूप्रदेश अधिक नाट्यमय केला, असे काही अभ्यासक मानतात. मला हे थोडे ओढूनताणून वाटते. वर खेचर तहानलेले, काच वाळू लागलेली, अशा वेळी चौकट सुळक्यांना नीट भरेल एवढेच त्याने पाहिले असेल. काही असो, १०९ वर्षे हे चित्र पाहणाऱ्या कुणालाही तिरकेपणा कळला नव्हता. त्या जागी जाऊन उभे राहिल्यावरच तो कळला.

ओसलिव्हनने पुढे लेफ्टनंट व्हीलरच्या पाहणीतही काम केले. १८७१ मध्ये तो डेथ व्हॅलीच्या होरपळत्या प्रदेशात आणि कोलोरॅडो नदीत गेला, १८७३ मध्ये कॅन्यन डी शे येथील कड्यातली प्राचीन वस्ती त्याने टिपली. १८८२ च्या जानेवारीत क्षयाने तो वारला, तेव्हा वयाची पंचेचाळिशीही गाठलेली नव्हती. त्याने लिहून ठेवलेला मजकूर जवळजवळ नाहीच. काचा मात्र आहेत.

क्लेट १९९७ ते २००० या काळात पुन्हा त्याच ठिकाणी गेला आणि तिसरी चित्रे घेतली. या वेळी शोधाशोध कमी पडली, कारण पहिल्या खेपेच्या नोंदी हाताशी होत्या.

आपल्या शाळेच्या कपाटात किंवा गावातल्या एखाद्या घरात तळे, नदीचा घाट, डोंगर किंवा बाजारपेठ दाखवणारे जुने छायाचित्र असेल तर हा उद्योग मुलांकडून करून घेता येईल. जवळची आणि दूरची अशा वस्तूंच्या निदान दोन जोड्या त्यात असल्या पाहिजेत. नुसते दूरचे दृश्य असेल तर जागा नक्की होत नाही. छायाचित्राची झेरॉक्स काढून तिच्यावर पेन्सिलीने जुळणाऱ्या बिंदूंतून उभ्या रेषा मारा आणि ती हातात घेऊन चालायला लागा. जागा सापडली की कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, दिशा, तारीख आणि घड्याळातली वेळ तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या, आणि पायाखालच्या दगडावर रंगाने एक खूण करून ठेवा.